हळदीचे बगळे

रविवार, १० जून १९७३

पलटणीत होतो तेव्हा रोज संध्याकाळी रिपोर्ट लिहायचो. पेन्शनीत येऊन चार महिने झाले तरी हाताची खाज जात नाही, म्हणून ही डायरी आणली. रिपोर्ट द्यायचा कुणाला, हाच प्रश्न. अंबू म्हणाली, "मला द्या. मी वाचणारच न्हाई." माझ्या बायकोला वाचता येत नाही, पण सांगण्यात ऐट बघा.

आजची खबर एकच. बगळे आले. गेल्या साली दुष्काळात नदीच आटली, तेव्हा आलेच नव्हते. आज दुपारी आमच्या दारातल्या चिंचेवर उतरले. डोक्यावर, छातीवर, पाठीवर हळद माखल्यासारखा रंग. एरवी वर्षभर पांढरे असतात, घरटी बांधायची वेळ आली की अशी हळद चढते. आमच्या गावात त्यांना पाखरं म्हणत नाहीत. "लेकी आल्या" म्हणतात. हळदीच्या अंगानं बाळंतपणाला माहेरी येतात म्हणून. पिल्लं उडून जाईपर्यंत चिंचेखाली हलगी वाजत नाही. कुणाला मोठ्यानं भांडायचं असलं तर तो खुशाल ओढ्याकडे जातो. नागपंचमीला बायका चिंचेच्या बुंध्याशी ओटी भरतात, खण, नारळ, तांदूळ, सगळं रीतसर.

शेजारची साळूबाई ओरडतच आली, "आवं हवालदार, लेकी आल्या!" मग तिला माडीवरची खिडकी दिसली आणि तिनं जीभ चावली. आमची सुलाही माहेरीच आहे ना.

सुला माघात बाळंतपणाला आली होती. सांगलीच्या दवाखान्यात मुलगी झाली आणि दुपारच्या आत गेली. सुला शुद्धीवर आल्यावर म्हणाली, "आबा, बाळ?" मी म्हटलं, "झोपलंय." संध्याकाळपर्यंत तिला तेवढाच आराम. माझी चूक झाली असं मला आजही वाटत नाही. त्या दिवसापासून पोर बोलत नाही. जेव म्हटलं की जेवते, नीज म्हटलं की निजते. जावई मानसिंग कोयनानगरला धरणाच्या वर्कशॉपात आहे. भला माणूस. दोनदा न्यायला आला आणि तिचं तोंड बघून हात हलवत परत गेला.

मंगळवार, १९ जून

आज सुला बोलली!

मी सोप्यात दाढी करत होतो. वरून आवाज आला, "आबा, ह्या बगळीला घरटं बांधायचं कळतच न्हाई." हातातला वस्तरा गालात घुसायचा राहिला. धावत माडीवर गेलो. खिडकीसमोर जी फांदी आहे तिच्या टोकाला एक बगळी काड्या रचत होती. एक ठेवली की दुसरी खाली. सुला म्हणाली, "पहिलटकरीण दिसती. आई शिकवायला न्हाई जवळ." आणि हसली. म्हणजे ओठ हलले. मी लगेच खाली आलो, कारण माझं तोंड तिला दिसायला नको होतं.

अंबूनं रात्री पोळ्या केल्या. गहू कुठून आणले, हे मी विचारलं नाही.

रविवार, १ जुलै

पहिलटकरणीनं घरटं जमवलं. सुला खिडकी सोडत नाही. मांजर आलं की "हाड" म्हणून असा आवाज काढते की माझा जुना सुभेदार लाजावा. आज भात मागून घेतला. चिंच नुसती पांढरी झालीय. घाण पडते, वास येतो, अंबूचं वाळवण खराब होतं. पण गावात कुणी ब्र काढत नाही. लेकींचं कोण काढणार?

शुक्रवार, ६ जुलै

सरपंच भाऊसो आला होता. गावात वीज आलीच आहे, आता चौकात मर्क्युरीचा मोठा दिवा लावायचा म्हणतो. खांबाला जागा पाहिजे. मी म्हटलं, घे माझ्या दारात, चिंचेजवळ. वायरिंगचं मी बघतो, पलटणीत तेच करत होतो. भाऊसो खूश. मी म्हटलं, "पण एक गोष्ट माझी. पंचमीला चिंचेची पहिली ओटी माझी सुला भरणार."

भाऊसो टोपी काढून डोकं खाजवायला लागला. रीत अशी की पहिली ओटी लेकुरवाळीनं भरायची. मला माहीत नाही का? पण बायका आता तिला हळदी-कुंकवालाही बोलवत नाहीत. समोर आली की पदर सावरून बाजूला होतात. माझ्या पोरीनं काय महारोग आणलाय? साऱ्या गावासमोर, लख्ख उजेडात, ती पहिली ओटी भरेल. मग बघू कोण बाजूला होतं ते.

भाऊसो म्हणाला, "तुमचं मन मोडत न्हाई, नानासो." झालं तर मग.

गुरुवार, १२ जुलै

दिवा लागला! अरे काय उजेड! चिंचेचं पान न् पान मोजून घ्यावं. पोरं नाचली, म्हातारी माणसं चपला काढून पाया पडली. मी मुद्दाम दिव्याचं तोंड जरा वर, फांदीकडे केलं, म्हणजे सुलाला आता अंधार पडला तरी तिची पहिलटकरीण दिसेल. वर जाऊन म्हटलं, "कशी आयडिया?" ती खिडकीत हात डोळ्यांवर धरून उभी होती. म्हणाली, "आबा, रात्री बंद करायचा का?"

"खुळी का काय? बंद करायला लावलाय व्हय?"

ती म्हणाली, "बरं." दिव्यापायी पोर दोन शब्द जास्त बोलली.

शुक्रवार, २० जुलै

बगळ्यांनाही दिवा मानवला. पूर्वी अंधार पडला की चिडीचूप व्हायचे, आता रात्रभर कलकल चालू. दिव्यावर किडे तर एवढे येतात की लेकींना ताट वाढून ठेवलंय म्हणा ना. कावळेसुद्धा झोपायला जात नाहीत, चिंचेवर त्यांची नाइट ड्यूटी लागलीय. काल एक घुबड पण येऊन बसलं होतं खांबावर. सगळी जनता उजेडाला येते, माणसं काय नि पाखरं काय.

सुलानं खिडकीला घोंगडं लावलंय. डोळ्यांवर येतं म्हणते. दिवसा काढते.

शुक्रवार, २७ जुलै

पहिलटकरणीला पिल्लं झाली! सुला ओरडत जिना उतरली, पाच महिन्यांत पहिल्यांदा धावली असेल. "आई, आवं आई, झाली!" अंबूनं तिला धरलं आणि दोघी रडत बसल्या. मी म्हटलं, आनंदाच्या वेळी हे काय? तर मलाच हुंदका आला. बाकीच्या बऱ्याच घरट्यांत अंडी दिसत नाहीत. कावळ्यांनी पळवली असतील, कावळ्याची जातच मेली हलकट. पण आमच्या पहिलटकरणीची शाबूत आहेत.

मानसिंगला निरोप धाडला, पंचमीनंतर ये. लेक सासरी जायला तयार होईल असं दिसतंय.

शुक्रवार, ३ ऑगस्ट. नागपंचमी

दुपारी लिहितोय. संध्याकाळचा बंदोबस्त चोख. आष्ट्याहून भोंगा आणला. साळूबाई म्हणाली, "आवं, बाळंतिणींच्या डोक्यावर भोंगा?" मी म्हटलं, "मावशी, लेकींचंच कौतुक हाय. गाणी साऱ्या गावाला ऐकू गेली पायजेत." सुलानं हिरवं लुगडं नेसलंय. केसात अबोली.

शनिवार, ४ ऑगस्ट

काय लिहू.

ओटी झाली. सुलानं भरली. खण, नारळ, तांदूळ, सगळं रीतसर, आणि बायका बघत होत्या, आणि कुणी बाजूला झाली नाही. माझी छाती फुगली. मग मी माइक हातात घेतला. मला बोलायचं होतं. भोंग्यातून जी किंकाळी निघाली ती निघाली, आणि अख्खी चिंच उठली. सगळ्या बगळ्या एकदम. अंधारात गेल्या नि उजेडाकडे फिरल्या, दिव्यावर आपटल्या, तारांना धडकल्या. पुन्हा घरट्यावर उतरता येईना. बायका किंचाळल्या, तशा आणखी उधळल्या. वरून पिल्लं पडत होती. पडल्याचा आवाज येत होता, ओल्या फडक्यासारखा. सुला नारळाचं ताट टाकून त्यांच्यात घुसली आणि ओच्यात पिल्लं गोळा करू लागली.

भोंगा कुणी बंद केला माहीत नाही. माझ्या हातात माइक तसाच होता.

रविवार, ५ ऑगस्ट

सुलानं पिल्लं टोपलीत घालून चुलीजवळ ठेवली होती. मी ओढ्यावरून मासळ्या आणल्या, तिनं चेचून भरवल्या. दुपारपर्यंत एक राहिलं. ते पहिलटकरणीचं, असं तिचं म्हणणं. संध्याकाळी मला हाक मारली. पिल्लाची मान तिच्या तळहातावर पडली होती.

"आबा, हे झोपलंय का?"

अंबूनं पिल्लू काढून घेतलं.

गुरुवार, ९ ऑगस्ट

अंबू घाटावरून धुणं तसंच ओलं घेऊन आली. खोदून विचारल्यावर बोलली. बायका म्हणतात, रिकाम्या ओटीच्या हातानं ओटी भरली, लेकींच्या ओट्या रिकाम्या झाल्या. साळूबाई म्हणाली म्हणे, "माझ्या मनात काय न्हाई. पोर गुणाची हाय. पण रीत काय उगंच असती?"

मी काठी घेऊन निघालो, अंबूनं धोतर धरलं. "किती जणींना मारशीला?" म्हणाली. मागं बघतो तर सुला जिन्यात उभी. तिनं सगळं ऐकलं होतं. वर गेली आणि दिवसाढवळ्या घोंगडं लावलं.

चिंचेवर थोड्या बगळ्या उरल्यात. त्यांचंही धड नाही.

मंगळवार, १४ ऑगस्ट

दोन दिवस वीज नव्हती. वादळानं तार तुटली. हे दोन दिवस मी कधी विसरणार नाही.

अंधार पडला तसे कावळे गेले. उरलेल्या बगळ्या घरट्यावर बसल्या आणि गप्प झाल्या. पूर्ण गप्प. ही गप्प चिंच मी दिवा लागायच्या आधी रोज ऐकत होतो आणि विसरून गेलो होतो. पहिली रात्र अशी, दुसरीही अशीच. आज दिवेलागणीला वीज आली. दिवा फटकन् पेटला आणि बगळ्या दचकून उठल्या, कलकल, पंखांची मारामारी, आणि खांबावर घुबड हजर. कावळे परत आले. माझ्या डोळ्यांदेखत एका घरट्यातलं पिल्लू उचललं.

ती कलकल म्हणजे खुशी नव्हती. एक महिना मी खाली खाट टाकून ऐकत होतो आणि म्हणत होतो, लेकी खूश आहेत.

आणि मी कोण? मोर्च्यावर बिडी ओंजळीत लपवून ओढणारा शिपाई. उजेड दिसला की गोळी येते, हे पोरांना शिकवणारा. एकाहत्तरच्या लढाईत काडी पेटवली म्हणून एका पोराच्या थोबाडीत दिली होती मी. आणि बाळंतिणींच्या तोंडावर हा सर्चलाइट कुणी फिरवला? मी. माझ्या हातानं.

अंबूला सांगितलं. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "मग हे साऱ्या गावाला सांगा. पोरीवरचा आळ काढा."

गुरुवार, १६ ऑगस्ट

चावडीत उभा राहून सांगितलं. सगळं. दिवा, कावळे, घुबड, भोंगा. म्हटलं, माझ्या पोरीचा हात नव्हे, माझा दिवा. काढा तो.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. माना हलवत होते, मयताला आल्यासारखे. भाऊसो उठून माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "नानासो, तुमी बाप हाय. तुमी म्हणणारच. आमी बी म्हणलो असतो. पोरीला कोण काय बोलणार न्हाई, मी सांगतो सगळ्यांस्नी. पण दिवा कसा काढू? पोरं उजेडात अभ्यास करत्यात. साप-इच्चू दिसतोय. गड्या, सारं गाव दुवा देतंय तुमाला."

मी म्हटलं, "मी खरं बोलतोय रं."

"व्हय, व्हय," म्हणाला.

शुक्रवार, १७ ऑगस्ट

माळ्यावरून गोफण काढली. जोंधळ्यावरची पाखरं हाकलायची गोफण. दिवेलागणीला अंगणात उभा राहिलो. लहानपणी नेम चांगला होता, आता खांदा दुखतो. चौथ्या-पाचव्या दगडाला दिवा फुटला. अंधार झाला. बघायला म्हणून वर पाहिलं तर चिंचेवर काहीच नव्हतं. उरलेल्याही कालच गेल्या असाव्यात. मी दगड मारत होतो ते रिकाम्या झाडाखाली.

सुला खिडकीत होती.

रविवार, १९ ऑगस्ट

मानसिंग आला आणि कुणी चल न म्हणता सुला निघाली. पिशवी भरून बसलीच होती. एरवी याचा मला केवढा आनंद झाला असता.

एस.टी.च्या थांब्यावर मी तिला बाजूला घेतलं. म्हटलं, "सुला, ऐक. दिव्यानं झालं ते. भोंग्यानं झालं. मी डोळ्यांनी बघितलंय. तुझा काय संबंध न्हाई."

तिनं माझा हात हातात घेतला. लहान पोराची समजूत काढावी तशी म्हणाली, "आबा, माझ्यासाठी खोटं नका बोलू. तवा बी तुमी म्हणला हुता, बाळ झोपलंय."

गाडी आली. मानसिंगनं पिशवी चढवली. मी हात हलवला की नाही, आठवत नाही.

शनिवार, २२ जून १९७४

पंचायतीनं हिवाळ्यातच नवा दिवा बसवला, वर लोखंडी जाळी. मला कुणी एका शब्दानं बोललं नाही. चांगली माणसं आहेत, त्याचाच त्रास होतो.

आज संध्याकाळी बगळे दिसले. हळद चढलेले. नदीवरून आले, चिंचेवर एक फेरी घेतली. अंबू आणि मी अंगणात श्वास धरून उभे. मग दिवा लागला. तसे वळले नि पलीकडच्या काठाला गेले. अंबू म्हणाली, "लेकी दारावरनं गेल्या."

सुलाला दिवस गेलेत. मानसिंगनं निरोप आणला होता. तिला पंचमीला पाठवा असा उलटा निरोप धाडला तर मानेनंच नको म्हणाली म्हणे.

रविवार, २१ जुलै १९७४. कोयनानगर

अंबूनं मला हाकलूनच पाठवलं. म्हणाली, "जावा आणि सांगा तिला. ह्या साली तिचा हात लागला न्हाई, तरी बगळे आले न्हाईत. म्हंजे तिच्या हातानं काय झालं नव्हतं. हे तरी पटंल तिला." मला ते इतकं पटलं की घाटात गाडी वळणं घेत होती तेव्हा मी तोंडपाठ करत होतो, रिपोर्ट देताना करायचो तसं. सुला, आले नाहीत. तू नव्हतीस तरी आले नाहीत.

क्वार्टरच्या दारात ती उभी होती. पोट दिसतंय. चेहऱ्यावर तेज आहे, पण डोळ्यांखाली काळं. मी चपला काढायच्या आत तिनं विचारलं, "आबा, आले का?"

मी म्हटलं, "कोण?"

"आवं, बगळे! मी देवाला बोलले हुते. मी माहेरी पाऊल टाकत न्हाई, लेकींना येऊ दे. त्या सुखरूप आल्या तर माझं बी सुखरूप हुईल. सांगा की, आले का?"

तिचा एक हात पोटावर होता. दुसऱ्या हातानं माझी बाही धरली होती. मी पाठ केलेलं सगळं जिभेवर होतं.

"आले," मी म्हटलं. "चिंच पांढरी झालीय नुसती."

ती मटकन् उंबऱ्यावर बसली. हसली आणि रडली, दोन्ही एकदम. "बघा! मी म्हणलं न्हवतं? माझा हात लागला न्हाई, म्हणून आल्या." मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "ह्या खेपंला इथंच करते बाळंतपण. आईला म्हणावं, तूच ये. मी तिकडं येत न्हाई आता, कवाच न्हाई. लेकी हायत तितं."

खरं सांगितलं होतं तेव्हा तिचा विश्वास बसला नव्हता. आज लगेच बसला.

तिनं चहा केला. साखर लय घातली होती. बगळ्यांचं एकेक विचारत होती. पहिलटकरीण आली का, तिचं घरटं त्याच फांदीला आहे का, आता तरी नीट बांधते का. मी सगळं सांगितलं. नीट बांधते म्हटलं.

आता ती निजलीय. मानसिंग रात्रपाळीला गेला. सकाळच्या गाडीनं मी परत निघणार. अंबू दारातच विचारेल, सांगितलंत का. तिला काय रिपोर्ट देऊ?